उसनवारी

मराठी गाण्यांच्या कार्यक्रमाचं संगीत संयोजन करणाऱ्याला मिळणारी सगळ्यात मोठी दाद एकच असते: 'अगदी रेकॉर्डसारखं वाजलं हो!' मेंडोलिनचा पीस सुरासकट तसाच यायला हवा, बासरीची जागा हुकता कामा नये, दुसऱ्या अंतऱ्याआधीचा तो एक टाळीचा ठोकासुद्धा हजर पाहिजे. या दादेवरच माझं पोट चालतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण घरी मी जे ऐकत बसतो, ते नेमकं उलट्या वाटेचं आहे. त्यातही पुन्हापुन्हा हाताशी येणारा अल्बम म्हणजे यो ला टेंगो या अमेरिकन बँडचा १९९० सालचा 'फेकबुक'.

हा बँड १९८४ मध्ये होबोकेनला सुरू झाला. न्यू जर्सीतलं हे छोटं शहर हडसन नदीच्या काठावर, मॅनहॅटनच्या अगदी समोर आहे. आयरा कॅप्लन आधी संगीतावर लिहायचा, मग गिटार घेऊन स्वतःच गायला लागला. त्याची बायको जॉर्जिया हब्ली ड्रम वाजवते आणि गाते. ती जॉन आणि फेथ हब्ली या नामवंत अॅनिमेशनकार दांपत्याची मुलगी. कॅप्लनची गिटार एकदा बिथरली की दहा दहा मिनिटं नुसता गोंगाट करते, आणि बँडचा लौकिकही त्याच गोंगाटाचा. 'फेकबुक'मध्ये मात्र तो सगळा बाजूला ठेवलेला आहे. पहिल्या अल्बममध्ये गिटार वाजवून बाहेर पडलेला डेव्ह श्रॅम परत आला, अल ग्रेलर उभा डबल बास घेऊन बसला, निर्मिती जीन होल्डरने केली. नाव घेतलं ते जॅझवाल्यांच्या जाडजूड वह्यांचं. शेकडो गाण्यांच्या चाली आणि कॉर्ड्स उतरवलेल्या या वह्या परवानगीची भानगड नको म्हणून बरीच वर्षं चोरून विकल्या जात. आमच्या वादकांच्या नोटेशनच्या वह्या पाहिल्या असतील तर वेगळं सांगायला नको.

अल्बममध्ये सोळा गाणी आहेत, त्यांतली अकरा दुसऱ्यांची. द किंक्स, जॉन केल, जीन क्लार्क, फ्लेमिन ग्रुव्हीज, एनआरबीक्यू, आणि न्यूयॉर्कबाहेर फारसं कोणी ऐकलेलं नसेल असा द सीन इज नाऊ. हमखास टाळ्या घेणारं गाणं जवळजवळ एकही नाही. मला यात कॅप्लनमधला जुना लेखक दिसतो. एरवी ज्याने चार ओळींची शिफारस लिहिली असती, त्याने गाणं गाऊनच शिफारस केली आहे. कव्हर अल्बमात निम्मं संयोजन गाणी निवडतानाच होऊन जातं, असं माझं मत आहे. माहीत असलेल्या गाण्याची आपण मनात सतत तुलना करतो. माहीत नसलेलं गाणं नुसतं ऐकतो.

'हिअर कम्स माय बेबी' हा त्याला अपवाद. तेव्हा विशीही न गाठलेल्या कॅट स्टीव्हन्सने हे लिहिलं, आणि १९६७ मध्ये द ट्रेमेलोज या इंग्लिश बँडने ते ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत नेलं. त्यांची आवृत्ती म्हणजे एखाद्या पार्टीत रेकॉर्डिंग केल्यासारखी: आरोळ्या, खिदळणं, काउबेलची टणटण. शब्द मात्र ज्याची प्रेयसी दुसऱ्याचा हात धरून समोरून चालली आहे, अशा माणसाचे आहेत. यो ला टेंगोने लय फार उतरवलेली नाही, स्केल बदलून डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्नही नाही. त्यांनी पार्टीतली माणसं तेवढी घरी पाठवली. आता गाणारा एकटाच आहे, आणि चाल तशीच उड्या मारते आहे. दुःखाच्या शब्दांना आनंदी चाल असली की आपण सहसा एकाला खोटं ठरवतो. इथे दोन्ही खरी वाटतात, ती केवळ आवाज कमी केल्यामुळे. संयोजक म्हणून माझा जळफळाट होतो तो इथे. काय भरायचं ते शिकायला मला वर्षं लागली. काय काढायचं ते शिकवणारं कोणी भेटलं नाही.

'ओक्लाहोमा, यू.एस.ए.' हे किंक्सचं १९७१ सालचं गाणं. कामाला जुंपलेली एक इंग्लिश मुलगी अमेरिकन सिनेमाच्या स्वप्नात जगते, एवढाच त्याचा विषय. तेच गाणं अमेरिकन गळ्यातून आलं की स्वप्नाचा पत्ताच बदलतो. इंग्रज पोरीने ज्या देशाची आस धरली, त्या देशात राहणारा माणूसही तिच्यासारखाच दमलेला निघतो.

मग डॅनियल जॉन्स्टन. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात मॅकडोनाल्ड्समध्ये काम करता करता घरी टेपरेकॉर्डरवर गाणी भरून त्या कॅसेट लोकांच्या हातात कोंबणारा, मानसिक आजाराशी आयुष्यभर झगडलेला हा माणूस. त्याचं 'स्पीडिंग मोटरसायकल' १९८३ च्या कॅसेटवरचं. १९९० च्या फेब्रुवारीत डब्ल्यूएफएमयू या न्यू जर्सीच्या रेडिओ केंद्रावर यो ला टेंगो स्टुडिओत वाजवत होते आणि जॉन्स्टन दुसऱ्या टोकाला टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये ते गात होता. ते रेकॉर्डिंग पुढे प्रसिद्धही झालं, आणि मला ते अल्बममधल्या आवृत्तीपेक्षा जास्त आवडतं. फोनवरचा गायक आणि स्टुडिओतले वादक यांचा ताल जमवणं म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच कळेल. पण ज्याचं गाणं उसनं घेतलं त्यालाच गायला बसवायचं, ही कल्पनाच किती सुरेख!

उरलेली पाच गाणी बँडची स्वतःची. त्यांतलं 'डिड आय टेल यू' १९८७ च्या अल्बममधलं आणि 'बार्नाबी, हार्डली वर्किंग' १९८९ च्या. दोन्ही इथे नव्याने, हळू आवाजात येतात. म्हणजे बँडने स्वतःच्या गाण्यांचंही कव्हर केलं. वेष्टनावरची नावं न वाचता ऐकलं तर घरचं कुठलं आणि पाहुणं कुठलं हे सांगता येत नाही. अल्बमची खरी करामत ही.

अमेरिकेत दुसऱ्यांची गाणी अशी नव्याने रेकॉर्ड करणं सोपं का, याचं उत्तर पियानोत आहे. आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी छिद्रं पाडलेले कागदी रोल विकले जायचे. हे रोल म्हणजे गाण्याची 'प्रत' नव्हे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला आणि संगीतकार उघड्यावर पडले. १९०९ च्या कायद्याने तडजोड केली. संगीतकाराने एकदा रेकॉर्डिंगला परवानगी दिली की दुसऱ्या कोणालाही ते गाणं रेकॉर्ड करता येईल; दर प्रतीमागे दोन सेंट द्या, की झालं. हा दोन सेंटचा दर १९७८ पर्यंत हलला नाही. मूळ चाल आणि गाण्याचा पिंड बदलायचा नाही, पण आपल्या शैलीत बसवण्यापुरती नवी बांधणी करायला हरकत नाही, हे आताच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेटवर 'व्हर्जन' गाण्यांचं, म्हणजे दुसऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेल्या गाण्यांचं, अमाप पीक आलं. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१ सी आलं: गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झाल्यावर पाच वर्षं थांबा, दरवर्षी निदान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरा, 'कव्हर व्हर्जन' असं वेष्टनावर छापा. आणि तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसेल, किंवा मालकाच्या संमतीने आधी झालेला नसेल, असा कुठलाही बदल शब्दांत वा संगीतात करू नका. म्हणजे या वाटेने 'रेकॉर्डसारखं' वाजवलं तर रस्ता मोकळा, वेगळं काही सुचलं की मालकाच्या दारात. संगीतकारांना लुटलं गेलं होतं, त्यामुळे ही ताकीद का आली ते समजतं. पण पाच-दहा हजार प्रती खपवणाऱ्या एखाद्या छोट्या बँडला या कलमाचा आधार घेऊन 'फेकबुक' काढताच येणार नाही.

पंचवीस वर्षांनी, २०१५ मध्ये, बँडने त्याच घडणीचा 'स्टफ लाइक दॅट देअर' काढला. श्रॅम पुन्हा आला, बास आता जेम्स मॅकन्यूकडे. द क्युअरचं जगाला पाठ असलेलं 'फ्रायडे आयम इन लव्ह' जॉर्जिया अशी गाते की शुक्रवार यायला अजून अवकाश आहे असं वाटावं. हँक विल्यम्स आहे, सन रा आहे. स्वतःचं 'डीपर इंटू मूव्हीज' आहे, जे १९९७ मध्ये गिटारच्या गदारोळात बुडालेलं होतं. तरी माझ्या मते हा अल्बम जरा पेंगतो. 'फेकबुक'मध्ये 'इमल्सिफाइड' या गाण्यासारखा मध्येच आरडाओरडा होता, तो इथे हवा होता.

तो धिंगाणा त्यांनी रेडिओसाठी राखून ठेवला असावा. डब्ल्यूएफएमयू जाहिरातींवर नाही, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून या बँडने तिथल्या निधी-मोहिमेत बसून देणगीदारांच्या फर्माईशी तालमीशिवाय वाजवल्या आहेत. कडवी विसरली जातात, कॉर्ड चुकतात, कोणीतरी हसतं. त्यातलं निवडक २००६ मध्ये 'यो ला टेंगो इज मर्डरिंग द क्लासिक्स' या नावाने बाहेर आलं. 'फेकबुक' ऐकायचा असेल तर आधी ट्रेमेलोजचं ते पार्टीचं गाणं ऐका, मग हा अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमाने लावा, आणि हा खुनाखुनीचा अल्बम सगळ्यात शेवटी, घरात आपल्याला हसणारं कोणी नसताना.