दहा किलोचा पाइप

अण्णा रिटायर झाले तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता सकाळी वऱ्हाळा तलावाला एक फेरी, मग पेपर, मग डुलकी. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं भिवंडीत मागाच्या खडखडाटात काढली त्याला शांतता सोसते होय? घरामागच्या शेडमधले शेवटचे चार प्लेन लूम भंगारात गेले (वजनावर! त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत) आणि दोन महिन्यांत त्याच शेडमध्ये रंधा आला, ड्रिल आलं आणि एक सेकंडहँड कॉम्प्रेसर आला. ५० लिटरची टाकी, ८ किलोला आपोआप बंद होणारा. लाकडाचे पाट, चौरंग करायचे, स्प्रेने पॉलिश मारायचं, एअर गनने भुसा उडवायचा. म्हातारा खूष, आई खूष, आणि रोज ऐरोलीला जाऊन कीबोर्ड बडवणारे अस्मादिकही खूष.

आता हवा कॉम्प्रेसरपासून टेबलापर्यंत न्यायची कशी? आमच्या प्लंबरकाकांनी एका वाक्यात निकाल दिला. "पीव्हीसी टाका. पाइप दहा किलोचा, तुमचा कॉम्प्रेसर आठ किलोचा. दोन किलो शिल्लक!" गणित इतकं सरळ की इंजिनियर असून मला त्यात काही खटकलं नाही. एका रविवारात बारा मीटर लाइन उभी राहिली. पत्र्याखालून, भिंतीवरून, तीन नळ. निम्मे सांधे मी स्वतः सोल्युशन लावून चिकटवले. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. मी फोटो काढून मित्रांना पाठवले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जो शहाणपणा करणार आहे तो वाचताना हे लक्षात असू द्या.

आठ महिने सगळं छान चाललं. मे महिन्यात बहिणीचा मुलगा सुट्टीला आला आणि त्याने गल्लीतल्या यच्चयावत सायकलींत हवा भरायचा धंदा सुरू केला. त्याच्यासाठी दाराजवळ चौथा नळ काढावा म्हणून मी शनिवारी रात्री नेटवर टी-जॉइंट शोधायला बसलो, आणि टी राहिला बाजूला, रात्री दोन वाजेपर्यंत भलतंच वाचत बसलो.

मुद्दा असा की पाइपावर छापलेले ते दहा किलो पाण्यासाठी असतात. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पाण्याचा पाइप तडकला की थोडंसं पाणी बाहेर येतं आणि दाब लगेच शून्यावर. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. मी कागद घेऊन हिशोब मांडला. आमच्या ५० लिटरच्या टाकीत ८ किलो दाबाने पाणी असतं, तर त्यात साठलेली ऊर्जा सुमारे ७ जूल. म्हणजे एक वीट गुडघ्यापेक्षाही कमी उंचीवरून पायावर पडावी, इतकी. तेवढ्याच टाकीत तेवढ्याच दाबाची हवा असेल तर सुमारे ५०,००० जूल! म्हणजे ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटरसायकल, स्वारासकट. पाइप फुटला तर ही सगळी ऊर्जा एका फटक्यात बाहेर येत नाही हे खरं. पण पाइपात असलेली हवा येते, मागून टाकी ढकलत राहते, आणि पीव्हीसी फुटतं ते काचेसारखं, धारदार तुकडे होऊन. लोखंड किंवा तांबं सहसा चिरतं, गळतं, सूं-सूं करून आधी सांगतं.

अमेरिकेतल्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा खात्याने मे १९८८ मध्येच पत्रक काढून बजावलं होतं की जमिनीवरून उघड्याने जाणाऱ्या हवेच्या लाइनला पीव्हीसी वापरू नका. आपल्याकडच्या पाइपांचा दाब मानकात २७ अंश तापमानाला धरलेला असतो. आमचा पाइप पत्र्याखाली, मे महिन्यात! आणि कॉम्प्रेसरमधून येणारी हवा गरम, तेलकट. 'दोन किलो शिल्लक' कधीच संपले होते. आणि बरोबर एका एल्बोखाली भाचा उभा राहून हवा भरायचा. तो सांधा मी चिकटवलेला. झोप काही आली नाही.

सकाळी अण्णांना सांगितलं. ते चहा पीत म्हणाले, "आठ महिने काही झालं नाही ना?"

"अण्णा, आठ महिने टिकला म्हणजे आठ महिने जुना झाला."

"तू अमेरिकेचं वाचून मला कारखाना शिकवू नकोस."

मी उठलो, कॉम्प्रेसरचा प्लग काढला, टाकी रिकामी केली आणि प्लग खिशात घालून वर गेलो. (वय वर्षे चौतीस!) दिवसभर अबोला. आई दोघांना वेगवेगळं वाढत होती.

गंमत बघा, प्लेन लूमवर बाणा नेतो तो धोटा. हवेचा संबंधच नाही. एअरजेट लूमवर मात्र तोच धागा हवेच्या झोताने पलीकडे जातो, त्यामुळे तिथे सगळा खेळ कॉम्प्रेसरचा. संध्याकाळी अण्णा काही न बोलता स्कूटर काढून एका जुन्या दोस्ताच्या एअरजेट कारखान्यात जाऊन आले. परत आले ते म्हणाले, "तिथे एक पांढरा पाइप नाही. सगळं लोखंड." बस्स, एवढंच.

मग बाकीचे पर्याय पाहिले. सीपीव्हीसी बाद, तोही त्याच जातीचा. तांबं उत्तम, पण भाव ऐकून आई हसली. ॲल्युमिनियमची तयार लाइन देखणी, पण आमच्या शेडला ती म्हणजे बैलगाडीला पॉवर स्टिअरिंग. पीपीआर इतका ठिसूळ नसतो, पण कंपनी हवेसाठी चालेल असं लेखी देत असेल तरच. शेवटी जीआय, बी क्लास, निळ्या पट्ट्यावाला. कॉम्प्रेसर थरथरतो म्हणून त्याच्यापासून भिंतीपर्यंत हवेसाठीचा रबरी होज, आणि टेबलाशी हातात धरायला पॉलियुरेथेनची नळी.

जीआयचा शत्रू गंज. पावसाळ्यात आमच्याकडच्या एक घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम पाणी असतं. हवा दाबून थंड झाली की त्यातलं बहुतेक पाइपातच गळतं. म्हणून लाइनला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला, प्रत्येक नळाचा फाटा पाइपाच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवला, आणि शेवटच्या टोकाला पाणी सोडायची तोटी. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला. जुना अडकलेला निघाला! आणि टाकीची हायड्रो टेस्ट करून घेतली. ती टेस्ट पाणी भरूनच का करतात, हे आता मला कोणी समजवायला नको.

प्लंबरकाका आटे पाडत असताना अण्णा शेजारी स्टूल टाकून बसले होते. "काका," ते म्हणाले, "ते दहा किलो पाण्याचे असतात. हवेचे नव्हेत." जणू काही स्वतःच रात्रभर जागून शोध लावला होता. मी गप्प राहिलो आणि प्लग खिशातून काढून दिला.

रोज संध्याकाळी अण्णा तोटी उघडतात, फुस्स करून गढूळ पाणी निघतं, ते भाच्याला बोलावून दाखवतात. पांढरा पाइप वाया गेला नाही. गच्चीवरच्या टाकीपासून तुळशीपर्यंत टाकलाय.