नव्वद दिवस एकाच दुकानात

ॲमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत ई-पुस्तक घालायचे, तर नव्वद दिवस त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. छापील पुस्तक आणि ऑडिओ मोकळे असतात आणि नमुना म्हणून दहा टक्के मजकूर इतरत्र देता येतो. ही योजना डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. महिन्याची वर्गणी भरून हवे तितके वाचण्याची ‘किंडल अनलिमिटेड’ ही सोय जुलै २०१४ मध्ये तिकडे आणि सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात आली. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. या योजनेत पुस्तक घालावे की नाही, हा प्रश्न मराठी लेखकासमोर उभा राहिला, तोवर इंग्रजीत त्यावर पाच वर्षे वाद घालून झाले होते. त्या वादातली उत्तरे मराठीत जशीच्या तशी चालवली गेली, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

नव्वद दिवसांच्या या वचनाच्या बदल्यात लेखकाला तीन गोष्टी मिळतात. पुस्तक वर्गणीदारांना वाचायला खुले होते आणि वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात. दर नव्वद दिवसांत पाच दिवस पुस्तक मोफत ठेवता येते. आणि भारतातल्या विक्रीवर ३५ ऐवजी ७० टक्के रॉयल्टी मिळते. घड्याळ लावून किंमत उतरवण्याची जी सवलत इंग्रजी लेखकांना फार प्रिय आहे, ती फक्त अमेरिका आणि ब्रिटनच्या दुकानांत चालते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या वाचकासाठी तिचा उपयोग शून्य.

तिसरी गोष्ट सर्वांत ठोस, आणि नेमकी तीच इंग्रजी चर्चेत सापडत नाही. अमेरिकेत २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या पुस्तकाला ७० टक्के मिळायला सिलेक्टची अट नाही. भारत, ब्राझील, जपान आणि मेक्सिको या चार देशांतल्या विक्रीसाठी मात्र ती आहे. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाने विकत घेतलेल्या प्रतीवर वचन न देताही पूर्ण वाटा मिळू शकतो, कोथरूडमधल्या वाचकाने घेतलेल्या प्रतीवर मिळत नाही. ज्याचे बहुतेक वाचक महाराष्ट्रात आहेत त्याचा हिशेब इथूनच वेगळा होतो.

समजा किंमत १०० रुपये आहे. कर बाजूला ठेवू. ७० टक्क्यांच्या पर्यायात आधी फाइल पोचवण्याचा खर्च वजा होतो, भारतात मेगाबाइटला ७ रुपये. एक मेगाबाइटची फाइल असेल तर उरलेल्या ९३ रुपयांचे ७० टक्के, म्हणजे ६५ रुपये १० पैसे. वचन नसेल तर ३५ रुपये. वीस प्रती खपल्या तर १३०२ विरुद्ध ७००. ही ६०२ रुपयांची तूट भरून काढायला, ७० टक्के वाटा देणाऱ्या दुसऱ्या एखाद्या दुकानात त्याच किमतीला नऊ प्रती खपायला हव्यात. नुसत्या मजकुराच्या कादंबरीला हे गणित लागू आहे. नर्मदा परिक्रमेचे फोटो घातलेले प्रवासवर्णन सहा मेगाबाइटचे झाले की ४२ रुपये आधीच जातात आणि हातात ४० रुपये ६० पैसे येतात. फाइल आठ मेगाबाइटवर गेली तर ३० रुपये ८० पैसे, म्हणजे ३५ टक्क्यांच्या पर्यायापेक्षाही कमी, कारण त्या पर्यायात हा खर्च कापला जात नाही. फोटोंचा आकार कमी न करता वचन देणारे लेखक बरेच आहेत. त्यांनी वचनही दिलेले असते आणि त्याचा मोबदलाही घालवलेला असतो.

पानांचा हिशेब कागदावर सोपा आहे. सुरुवातीला पुस्तक उचलून त्याचा दहावा भाग वाचला गेला की ठरावीक रक्कम मिळे, त्यामुळे वीस पानांची पुस्तिका आणि चारशे पानांची कादंबरी एकाच भावाने जात. जुलै २०१५ पासून प्रत्यक्ष वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले. पान म्हणजे छापील पान नव्हे. अक्षर मोठे करून किंवा ओळींतले अंतर वाढवून पाने वाढू नयेत म्हणून कंपनी स्वतःचे एक प्रमाणित पान लावते. अमेरिकेत अशा पानाचा दर साधारण अर्ध्या सेंटच्या आसपास किंवा त्याखाली राहिला आहे, भारतात तो बराच कमी आहे. सव्वाशे पानांचा कथासंग्रह कुणी अथपासून इतिपर्यंत वाचला, तरी एक प्रत विकून जे मिळाले असते त्याच्या पासंगालाही ती रक्कम पुरत नाही.

तरीही तत्त्व म्हणून ही व्यवस्था न्याय्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. मराठी वाचक घडला तो वर्गणीच्या वाचनालयांत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे पुस्तक एका वाचनालयात शंभर हातांतून फिरे, पण विक्री एकाच प्रतीची होई. प्रत्येक वाचनामागे लेखकाला काहीतरी मिळावे, अशी सोय त्या वाचनालयांत नव्हती. आणि अर्नाळकरांच्या जातीचे लेखन, म्हणजे एकाच नायकाच्या कथांची माळ, जिथे एक संपली की वाचक त्याच रात्री दुसरी उघडतो, तेच या योजनेला सर्वांत जास्त मानवते. कवितासंग्रहाला ती मानवत नाही. कविता पुन्हा पुन्हा वाचली जाते. पैसे मात्र पान पहिल्यांदा वाचले जाते तेव्हाचेच.

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिले: घाला. गेल्या दिवाळीनंतर एक तरुण लेखिका अकरा कथांची फाइल घेऊन आली. “सर, सिलेक्टमध्ये घालू की नको?” उत्तर तोंडावर होते. पण तिला आकडे दाखवावेत म्हणून जुनी वही उघडली, आणि ते उत्तर कशावरही उभे नाही हे दिसले. वहीत पाच पुस्तकांची नोंद होती: तीन आत, दोन बाहेर. आतल्यांची कमाई जास्त होती. पण आतल्या तिन्ही रहस्यकथा होत्या. बाहेरचे एक ललित आणि एक प्रवासवर्णन. ती वही योजनेबद्दल काहीच सांगत नव्हती. लोक रहस्यकथा वाचतात एवढेच तिच्यात लिहिलेले होते.

या धंद्यातली खरी अडचण हीच आहे, आणि ती काही केल्या सुटत नाही. एकच पुस्तक एकाच वेळी आत आणि बाहेर असू शकत नाही. आधी नव्वद दिवस आत, मग नव्वद दिवस बाहेर असे करून पाहावे, तर पहिल्या नव्वद दिवसांत दिवाळी येते आणि दुसऱ्यांत दहावी-बारावीच्या परीक्षा. उलट क्रम लावावा, तर नव्या पुस्तकाचे नवेपण पहिल्याच खेपेत संपलेले असते. शिवाय दोन्ही बाजूंना वेळ सारखा लागत नाही. वर्गणीदाराने पुस्तक नुसते उचलले, तरी दुकानातल्या क्रमवारीत ते विक्रीसारखेच धरले जाते, म्हणून आतला परिणाम आठवड्यात दिसतो. बाहेरच्या दुकानात वाचक जमायला वर्ष जाते, आणि नव्वद दिवसांसाठी तिथून पुस्तक उचलले की परतल्यावर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुलना ज्या मापाने करायची, तेच आतल्या बाजूला झुकलेले आहे. दोन सारख्या कादंबऱ्या घेऊन एक आत, एक बाहेर ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. पण सारख्या कादंबऱ्या म्हणजे काय? प्रस्तुत लेखकाने एकाच नायकाच्या दोन कथांवर हा प्रयोग केला. बाहेरच्या कथेचा वाचक पुढची कथा शोधत आतल्या दुकानात गेला आणि हिशेब पुन्हा मिसळला.

या अनिश्चिततेत लेखक आकड्यांकडे पाहत राहतो. केडीपी, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेच्या, अहवालात रोजच्या वाचलेल्या पानांचा एक स्तंभ उभा राहतो. एका मंगळवारी ११८, बुधवारी ०, गुरुवारी ७. अकरा वाजता सात होते, साडेअकराला पुन्हा पाहिले तरी सातच. पाने किती वाचली ते कळते. कुणी वाचली, एकाने की दोघांनी, आणि वाचक कुठल्या ओळीवर थांबला, हे कळत नाही. ते सात पानांचे वाचन म्हणजे कंटाळून पुस्तक मिटणे होते की शेवटच्या प्रकरणाची अखेर, याचा विचार करत प्रस्तुत लेखकाने लिहिण्याच्या वेळेतल्या कित्येक सकाळी घालवल्या. पुढची कथा चाळीस पानांनी वाढवली, तेव्हा ती कथेची गरज आहे असे स्वतःला पटवले. ती कथेची गरज नव्हती. स्तंभ उंच दिसावा ही हाव होती, आणि त्या कथेच्या मधल्या भागात ती आजही जाणवते.

याहून वाईट प्रकार व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत चालतो. एकमेकांची पुस्तके उचलायची, पाने भराभर सरकवायची, पाच तारे द्यायचे. हे योजनेच्या नियमांविरुद्ध तर आहेच, पण त्याने होणारे नुकसान वेगळे आहे. अशा गटातल्या लेखकाला आपले पुस्तक खरोखर कुणी वाचले का, हे कधीच कळत नाही. ‘कि’ आणि ‘की’चा फरक न पाहता दर पंधरवड्याला तीस पानांचे पुस्तक चढवणारे नाव वरच्या क्रमांकावर दिसू लागले की, चार वर्षे एका कादंबरीवर बसलेल्या माणसाचा धीर सुटतो.

मोफत दिवसांचा उपयोग मालिकेच्या पहिल्या पुस्तकाला होतो, सुट्या पुस्तकाला फारसा नाही. एक तपशील मात्र पक्का लक्षात ठेवावा लागतो. मोफत दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतो. भारतात तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. सकाळी सात वाजता “आज माझे पुस्तक मोफत” असा निरोप चारशे ओळखीच्यांना गेला, तर त्यातले अर्धेअधिक नाश्त्याआधीच दुकान उघडतात आणि पूर्ण किंमत पाहून परततात. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या पुस्तकाचे असेच झाले. दुपारी दुसरा निरोप पाठवायला लाज वाटली आणि तो दिवस वाया गेला.

मराठीत या वचनाची सर्वांत कडक बाजू मात्र दुकानांशी संबंधित नाही. कथा आधी दिवाळी अंकात येते. अंकाची डिजिटल आवृत्ती निघते. तीच कथा लेखकाने मायबोली या संकेतस्थळावर टाकलेली असते, प्रतिलिपीवर भागाभागाने चालवलेली असते, किंवा पीडीएफ करून गावाकडच्या गटात पाठवलेली असते. पुस्तकाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग असा डिजिटल रूपात बाहेर उपलब्ध असेल, तर वचन पहिल्याच दिवशी मोडलेले असते. त्या लेखिकेच्या अकरा कथांपैकी सात दिवाळी अंकांत आल्या होत्या आणि त्यांतले चार अंक ई-आवृत्तीत विकले जात होते. ते काढायला लावण्याचा हक्क तिच्याकडे नव्हता. संपादकांशी झालेला पत्रव्यवहार चाळला, तर डिजिटल हक्कांबद्दल एक ओळ नव्हती. मानधनाचा आकडा आणि अंक पोस्टाने पाठवण्याचा पत्ता एवढेच होते. तिचा प्रश्न टक्केवारीपर्यंत पोचलाच नाही. तिचा संग्रह बाहेरच राहिला. शेवटच्या, कुठेही न छापलेल्या दीर्घकथेचे स्वतंत्र पुस्तक करून तिने ते सिलेक्टमध्ये घातले.

बाहेर पडण्याचे नियम आत जाण्याआधी वाचायला हवेत. नोंदणीनंतर पहिल्या तीन दिवसांत विचार बदलता येतो. त्यानंतर मुदत पुरी करावी लागते. पुस्तक विक्रीतून काढून टाकले, तरी उरलेले दिवस वचन कायम राहते. मुदत संपली की नूतनीकरण आपोआप होते, त्यासमोरची टिक आधीच काढलेली नसेल तर आणखी नव्वद दिवस जातात. दिवाळीत दुसरीकडे पुस्तक आणायचे असेल, तर जुलैपासूनच दिनदर्शिकेत तारखा मांडून ठेवाव्या लागतात.

मुदत संपून पुस्तक योजनेतून बाहेर आले, तरी ज्या वर्गणीदाराने ते आधीच उचललेले असते त्याच्याकडे ते राहते, आणि त्याने नंतर वाचलेल्या पानांचेही पैसे मिळतात. प्रस्तुत लेखकाचे एक पुस्तक बाहेर येऊन दीड महिना झाल्यावर अहवालात पुन्हा स्तंभ दिसू लागले: ९, १४, ११, ०, १२. बहुधा एकच वाचक, रोज झोपण्यापूर्वी थोडेथोडे वाचणारा. अठराव्या दिवशी ते थांबले.