दादीअम्मांचं बाळापूर, आणि पुढे नरनाळा

आमच्या मंगरूळपीरकडे सहल म्हटली की खुलदाबाद, अजमेर, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले किल्ले कुणाच्या यादीत नसतात. या हिवाळ्यात मात्र आम्ही तीन घरांनी मिळून एक बस ठरवली, लहानमोठी सव्वीस माणसं. कारण होत्या दादीअम्मा. त्यांचं माहेर बाळापूरचं. किल्ल्याच्या सावलीत लहानपण गेलं, पण घरच्या मुलींना आत नेण्याची रीत नव्हती. सोळाव्या वर्षी निकाह होऊन त्या मंगरूळला आल्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे साथ देत नाहीत. "एकदा आतून पाहू द्या," एवढंच म्हणाल्या.

फजरनंतर निघालो. प्रवासाची दुआ सर्वांत धाकट्यानं म्हटली आणि बार्शीटाकळी येईपर्यंत अर्धी बस पुन्हा झोपली.

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. तो एलिचपूरचे नवाब इस्माईल खान यांनी 1757 मध्ये पूर्ण केला. भिंती विटांच्या आहेत आणि त्यांची उंची जवळ गेल्यावरच कळते. एकामागून एक दरवाजे लागतात. दादीअम्मा प्रत्येक दरवाज्यात थांबत, दोन नातींच्या खांद्यांवर हात ठेवून, पण खुर्चीवरून उचलून न्यायला त्यांनी साफ नकार दिला. वर पोचल्यावर त्यांनी इमारतीकडे पाहिलंच नाही. तटाशी उभ्या राहून खाली आपलं घर शोधत राहिल्या. कौलं जाऊन स्लॅब आलेले, घर काही सापडेना. नदी मात्र लगेच ओळखली.

नदीकाठी काळ्या दगडाची छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंगांनी बांधली असं सांगतात. सातवीतला आमचा एक मुलगा विचारता झाला, "हे आपल्यातले की त्यांच्यातले?" हा प्रश्न तो घरी शिकलेला नाही. बडे अब्बा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमेरचा राजपूत राजा. औरंगजेब बादशहाचा सेनापती. 1665 मध्ये पुरंदरचा तह यांनीच शिवाजी महाराजांशी केला. आता तूच सांग." मुलगा काही बोलला नाही.

रात्र अकोटला नातेवाइकांकडे काढली. तिथल्या मेथीच्या पराठ्यांवर वेगळा लेख लिहावा लागेल.

सकाळी नरनाळा. बस पायथ्याच्या शहानूरला ठेवून जीपगाड्या केल्या. सगळा भाग जंगलाचा, वर खायला काही मिळत नाही. पाणी आणि डबे सोबत हवेत, आणि अंधाराच्या आत उतरायला हवं. इथला महाकाली दरवाजा पाहण्यासाठी पूर्ण तास ठेवा. पांढऱ्या वालुकाश्मात कोरलेली कमळं, दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे, त्यांत दगडाच्या जाळ्या, एकीची नक्षी दुसरीसारखी नाही. आणि कमानीवर अरबी अक्षरं. आमच्या मदरशात शिकणाऱ्या मुलींनी एकेक शब्द जुळवायला घेतला. मधले काही जुळले, तेव्हा झालेला आनंद परीक्षेच्या निकालालाही होत नाही.

शिलालेखातलं साल 1487 चं. गादीवर बहमनी सुलतान महमूद शाह, आणि वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्लाह इमादुल्मुल्क. तीन वर्षांनी तो स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. हा फतहुल्लाह जन्मानं विजयनगरकडचा कन्नड हिंदू. लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, इस्लाम स्वीकारला. बडे अब्बांनी हे सांगितलं तेव्हा कालचा मुलगा वहीत लिहून घेत होता. "मग हे कोणातले?" असं आज त्यानं विचारलं नाही.

त्याच जाळ्यांच्या शेजारी खिळ्यानं कोरलेली नावं आहेत, बाणासकट बदाम आहेत. त्यांत सगळ्या समाजांची नावं आहेत, या बाबतीत कुणी मागे नाही. आमच्या पोरांना तिथेच बजावलं.

झाडाखाली चटया टाकून जोहरची कसर नमाज पढलो. बायकांसाठी दोन चादरींचा आडोसा केला, पाच मिनिटांचं काम. "बायकांची सोय कुठे होणार" म्हणून ज्या सहली आमच्याकडे रद्द होतात, त्यांची संख्या मोठी आहे.

परतताना दर्यापूर, मूर्तिजापूर करत कारंज्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. हे एकेकाळचं श्रीमंत व्यापारी गाव. 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं इथून मोठी दौलत नेली. एका हवेलीच्या चुन्यात कस्तुरी कालवली होती असं सांगतात. खरं-खोटं अल्लाह जाणे, पण मुलं वास येतो का म्हणून हुंगायला निघाली. दिल्ली वेशीपाशी चहा घेताना चहावाल्यानं चार वेशींची नावं सांगितली: दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ. दादीअम्मांनी कप खाली ठेवला. "दिल्लीच्या बरोबरीनं आमचं मंगरूळ?" आणि पुढच्या थंडीत गाविलगडला बस किती घेते, ते ड्रायव्हरला विचारायला लागल्या.