८,६४,००० सेकंद

तर मंडळी, झालं असं की शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन वाजला. ऑन-कॉल माझा नव्हता. पण आमच्याकडे ज्याचा ऑन-कॉल असतो तो घाबरला की मला फोन करतो, असा एक अलिखित नियम आहे. पलीकडे टीममधला नवीन मुलगा होता.

"सर, पाच नंबर गेला."

"गेला म्हणजे?"

"डीएन दाखवतोय. रिमूव्ह करून टाकू?"

म्हटलं बाबा रे, हात खिशात घाल आणि मी लॅपटॉप उघडेपर्यंत कशाला हात लावू नकोस.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो (बाकीच्यांनी एक परिच्छेद उडी मारावी). आमचा डेटा कॅसँड्रा नावाच्या डेटाबेसमध्ये असतो. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी तो लिहिला, २००८ साली सगळ्यांसाठी खुला झाला. नाव ग्रीक पुराणातल्या एका राजकन्येचं. तिला भविष्य दिसायचं, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा शाप होता. डेटाबेसला असं नाव ठेवणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं. यात मुख्य मशीन असं कुणी नसतं. आमची सहा मशीन, म्हणजे नोड, सगळी एका पंगतीत, आणि प्रत्येक माहिती तीन ठिकाणी ठेवलेली. त्यांची तब्येत बघायची तर काळ्या पडद्यावर 'नोडटूल स्टेटस' अशी आज्ञा द्यायची. मग प्रत्येक नोडची एक ओळ येते, सुरुवातीला दोन अक्षरं. यूएन म्हणजे अप आणि नॉर्मल. डीएन म्हणजे डाउन. बाकी किती डेटा, कोणत्या रॅकमध्ये वगैरे तपशील, पण रात्री साडेअकराला माणूस पहिली दोन अक्षरंच बघतो.

आता यातली खरी गंमत अशी की ही आज्ञा खरं तर पाच नंबरला काही विचारतच नाही. तुम्ही ती ज्या मशीनवर चालवता त्याचं मत ती तुम्हाला सांगते. हे नोड दर सेकंदाला आपल्यातल्या एकदोघा-तिघांशी बोलतात, मी जिवंत आहे, तो जिवंत आहे, त्या पलीकडच्याचं मला अमक्याकडून असं असं कळलं. या प्रकाराचं अधिकृत नावच गॉसिप आहे! म्हणजे आपल्या चावडीवर चालतं तेच. तेव्हा डीएन या अक्षरांचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की 'माझ्या कानावर बरेच सेकंद त्याच्याबद्दल काही आलेलं नाही'.

मी मुलाला म्हटलं, पाच नंबरमध्ये दुसऱ्या वाटेनं जाता येतंय का बघ, आणि तिथे हीच आज्ञा चालव. दोन मिनिटांनी त्याचा आवाज बदललेला. "सर, हा म्हणतोय मी अप आहे आणि बाकीचे पाच मेलेत."

बरोबर आहे. त्याच्या जागी आपण असतो तर हेच म्हटलं असतं. मधली कुठली तरी वायर गेली होती. रिमूव्ह केलं असतं तर उरलेल्या पाचांनी त्याचा डेटा आपापसात वाटून घ्यायला सुरुवात केली असती, भर रात्री, आणि तो बिचारा तिकडे धडधाकट बसलेला. तीन प्रतींपैकी दोन जागेवर होत्या, काम चालू होतं. म्हटलं वाट बघू.

वाट बघताना आठवलं की संध्याकाळी आईचा भोरहून फोन येऊन गेला होता. आत्याचा फोन लागत नाही, गुरुवारपासून.

आमची आत्या वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या रस्त्याला एका वाडीत राहते. (तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण आत्याच्या तोंडी अजून वेल्हंच.) वय पंचाहत्तरच्या पुढे, मुलगा पुण्यात, आणि ती मात्र चार खाचरं आणि एक म्हैस सोडून यायला तयार नाही. दर गुरुवारी संध्याकाळी तिचा आईला फोन येतो. त्यामुळे गुरुवार कोरडा गेला की शुक्रवारी सकाळी आईचा जीव वर-खाली. माझा एक मावसभाऊ फक्त दिवाळीला फोन करतो. त्याचा आठ महिने पत्ता नसला तरी कुणाला काही वाटत नाही.

कॅसँड्रा हेच करतो. हायाशीबारा या जपानी संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर २००४ साली मांडलेली युक्ती आहे. अमुक सेकंद आवाज आला नाही की मेला, असा ठोक नियम नाही. ज्याची खबर जशी नेमाने येत आली असेल, त्या मानाने संशय हळूहळू वाढवत न्यायचा, आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की डाउन म्हणायचं. आईने हा पेपर वाचलेला नाही.

आमच्या घरात हा संशय जरा लवकरच वर जातो. त्याला कारण आहे.

२००५ चा जुलै. २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आठवडा. इकडे सह्याद्रीच्या कुशीतही आभाळ फाटलं होतं. त्या आठवड्यात भोरला आमचे आप्पाकाका गेले. आत्याचा पाठचा भाऊ. वाडीत तेव्हा एकच फोन होता, तो पावसात मुका. रस्ता वेल्ह्याच्या पुढे दरड येऊन बंद. वडिलांनी चिठ्ठी लिहून वेल्ह्यापर्यंत जाणाऱ्या एकाच्या हाती दिली, त्याने ती तिथल्या एका दुकानात ठेवली, दुकानदाराने वाडीकडच्या एका माणसाला दिली आणि तो माणूस ओढ्याला पाणी म्हणून अलीकडे सासुरवाडीतच अडकला. कुणाचीच चूक नाही. आम्ही समजलो निरोप पोचला, पावसामुळे येता आलं नसेल.

नोड बंद असताना त्याच्या वाटचे निरोप शेजारचे नोड चिठ्ठ्या करून जपून ठेवतात आणि तो परत आला की हातात देतात. पण कायमचे नाही. नेहमीच्या सेटिंगला फक्त तीन तास. त्याच्या पुढचे निरोप कुणी लिहून ठेवत नाही.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. पाऊण तास झाला. पोरांना सांभाळतो म्हणून झालं, कर्ज फेडतो म्हणून झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, आक्काला सांगतो रे, आक्काला आम्ही बघतो. मग शिवला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण तेव्हा मी तिथे उभा होतो आणि घसा दाटला होता, हे खरं.

आणि बाराव्या दिवशी दुपारी आत्या दारात उभी. दरडीवरून चालत वेल्ह्याला आली होती, तिथून मिळेल त्या गाडीने. डोक्यावर बोचकं. आत येऊन तिने ते ओट्यावर टेकवलं आणि म्हणाली, "आप्पा कुठाय? त्याच्यापायी जुना आंबेमोहोर आणलाय, त्याला ह्यो नवा तांदूळ पचत न्हाई."

घरात दहा-बारा माणसं. बारा दिवसांत आम्ही सगळ्यांनी आपापल्या डोक्यातून आप्पाकाका पुसत आणले होते. खाट माळ्यावर गेली होती. चष्मा कपाटात. 'आहेत'चं 'होते' झालं होतं, तेही न चुकता. आणि ही एकटी बाई 'आहे' घेऊन दारात. मिनिटभर कुणाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. काकू उठून आत गेली, चहा टाकला, आणि बाहेर आणला तेव्हा ट्रेमध्ये एक कप जास्त होता. काकांचा, बिनसाखरेचा.

पुढचं लिहीत नाही.

खूप वर्षांनी कॅसँड्राचं सेटिंग वाचताना एका आकड्यावर मी अडकलो. ८,६४,०००. कॅसँड्रात काही पुसलं की ते लगेच पुसलं जात नाही. 'हे आता नाही' अशी खूण त्या जागी लिहून ठेवतात. तिचं नाव टूमस्टोन, म्हणजे चक्क थडग्याचा दगड. ही खूण सगळ्यांपर्यंत पोचायला मुदत द्यायची आणि मग ती खूणही काढून टाकायची. ती मुदत ८,६४,००० सेकंद. मी कॅल्क्युलेटरवर भागलं. बरोब्बर दहा दिवस. ज्याने हा आकडा घातला त्याला आपला दहावा माहीत असण्याचं काही कारण नाही, पण मी त्या रात्री लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन बसलो.

कारण पुढची ओळ अशी आहे, की एखादा नोड दहा दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर त्याला तसाच परत घेऊ नका. त्याला पुसल्याची खबर नसते, इतरांकडच्या खुणाही तोवर गेलेल्या असतात, मग तो आपल्याकडचं जुनं 'आहे' सगळ्यांना सांगत सुटतो आणि बाकीचेही ते खरं मानतात. तो रिकामा करूनच पंगतीत बसवावा लागतो. मी हे एकदा, एका जुन्या कंपनीत, केलेलं नाही. मशीन दुरुस्त होऊन आलं, मी मोठ्या उत्साहात चालू केलं, सगळीकडे यूएन बघून घरी गेलो. सकाळी बंद केलेली काहीशे खाती जिवंत. ती निस्तरायला तीन दिवस लागले. मशीन रिकामं करता येतं हे एक बरं आहे.

असो. शुक्रवारी रात्री पावणेदोनला केबल सापडली, पाच नंबर परत आला, तीन तासांच्या आत. चिठ्ठ्या त्याच्या पदरात पडल्या. मुलाला म्हटलं झोप. मी सहाला गाडी काढली.

नसरापूर, मार्गासनी, विंझर. भात लावणी चालू, इरली कमी आणि प्लॅस्टिकचे कागद जास्त. वेल्ह्यात चहाला थांबलो तर तोरणा गायब. एवढा चौदाशे मीटरचा डोंगर, पायथ्याशी उभं राहून दिसत नाही. टपरीवाल्याला विचारलं, पुढं रस्ता कसाय? "चालूए. लाईट न्हाई फक्त, बुधवारपास्नं."

बुधवारपासून. म्हणजे गुरुवारी फोन मेलेला. एवढं तर पुण्यात बसून कळायला हवं होतं, पण आमच्या फॅमिली ग्रुपवर रात्रीत चाळीस मेसेज झाले होते आणि त्यात लाईटबद्दल एकही नव्हता. आत्याच्या मुलाला वाटलं आईला माहीत असेल, आईला वाटलं त्याला माहीत असेल.

आत्या गुडघाभर चिखलात होती. मला बघून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रं, कोण गेलं?"

मी म्हटलं कुणी नाही आत्या, तुझा फोन लागत नव्हता म्हणून आलो.

"खरं सांग. एवढ्या पावसात कोण येतंय उगा?"

"खरंच कुणी नाही."

तरी तिने एकेकाचं नाव घेऊन विचारलं. तुझा बा? आई? काकू? धाकटी? मी प्रत्येकाला बरी आहे, बरे आहेत म्हणत गेलो. यादी संपल्यावर मगच ती बांधावर आली आणि हात धुतले. फोन तांदळाच्या डब्यात होता, ओल लागू नये म्हणून. गाडीत चार्जिंगला लावला. जेवण झालं, आईसाठी आणि काकूसाठी दोन वेगळ्या पिशव्या बांधून झाल्या, कुठली कुणाची हे दोनदा सांगून झालं.

निघताना ती गाडीत बसून खिंडीपर्यंत आली, तिथे रेंज येते म्हणून. वळणावर फोन वाजायला लागला तो थांबेचना. एकामागून एक. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच. मोठ्यानं वाच, सगळे."