परतीची वेळ

कंपनीचं मुख्यालय फ्रँकफर्टला. कार्यालयं ह्यूस्टन, साओ पावलो, रियाध आणि टोकियोत. या सगळ्यांचे सर्व्हर, नेटवर्क आणि बॅकअप सांभाळणारी आमची टीम मात्र पुण्यात, हिंजवडीला. नवीन मुलांना वाटतं, इथे कस लागणार तो तांत्रिक ज्ञानाचा. माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लंय ते एका साध्या प्रश्नानं: यंत्रणा बंद ठेवायची, तर नेमकी कधी?

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. बुधवारपासून ते चाचणीच्या सर्व्हरवर घालून बघायचे. खऱ्या सर्व्हरवर घालायचे तर रीस्टार्ट आला, आणि कुणाचं तरी काम थांबणं आलं.

ह्यूस्टनचा शुक्रवार संध्याकाळी सहाला आटोपतो, तेव्हा पुण्यात शनिवारचे पहाटेचे साडेचार. टोकियोचं ऑफिस सोमवारी आपल्या पहाटे साडेपाचला उघडतं. म्हणजे दोन दिवस मोकळे, असं वाटतं. पण सौदी अरेबियात २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रियाधची माणसं रविवारी सकाळी आठला, म्हणजे आपल्या साडेदहाला, कामाला बसतात. उरले ३० तास.

नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली, की त्यातलाही एक कमी होतो. जर्मनीची त्याआधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. त्या रात्री तिथे दोन ते तीन हा तास दोनदा येतो. मार्चमध्ये तो येतच नाही. अडीचचा बॅकअप तिथल्या घड्याळावर लावला, तर तो एका रात्री दोनदा चालू शकतो आणि एका रात्री राहूनही जाऊ शकतो. म्हणून आमचे सर्व्हर यूटीसीवर चालतात.

पण काम कधी सुरू करायचं, यापेक्षा परत कधी फिरायचं, हे ठरवणं अवघड. डेटाबेस जुन्या स्थितीत आणायला पाच तास लागणार असतील, तर रविवारी पहाटे पाचनंतर तो रस्ता बंद. ही वेळ आम्ही आठवडाभर आधी, सगळे ताजेतवाने असताना लिहून ठेवतो.

कारण पहाटे पाचला कुणालाच हरायचं नसतं. एका शनिवारी रात्रभर डेटाबेसशी झटलेला मुलगा म्हणाला, "सर, अजून दहाच मिनिटं द्या. सापडलंय मला."

"साडेतीनलाही दहाच मागितली होतीस."

तो रागावला. कदाचित त्याला खरंच सापडलं असेल. पण आम्ही परत फिरलो, आणि पॅच पुढच्या शनिवारवर गेला. तेव्हापासून एक नियम केलाय: थांबायचं की नाही, हे ज्यानं त्या रात्री कीबोर्डला हात लावलेला नाही, त्यानंच सांगायचं.