गाढवाला वाचता येत होते

जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वरचा ॲनिमेशनपट १९५४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला प्रथम झळकला. जॉन हालास आणि जॉय बॅचलर या दांपत्याने लंडनमध्ये तो घडवला. हालास मूळचे बुडापेस्टचे. चित्रगृहांत प्रदर्शित झालेला पूर्ण लांबीचा पहिला ब्रिटिश ॲनिमेशनपट म्हणून त्याची नोंद होते. लांबी जेमतेम बहात्तर मिनिटे, म्हणजे आपल्या दीड तासिकेत बसणारा. साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकवताना मी गेली काही वर्षे तो वर्गात दाखवतो. मराठीच्या वर्गात इंग्रजी चित्रपट कशासाठी, असे सहकारी विचारतात. चित्रपट संपल्यावर वर्गात जो वाद होतो तो ऐकावा, एवढेच माझे त्यावर उत्तर असते.

या चित्रपटाची कुळकथा आता अभ्यासकांना परिचित आहे. ऑर्वेल १९५० साली वारला. त्यानंतर त्याच्या पत्नीकडून हक्क घेऊन लुई द रोशमाँ या अमेरिकन निर्मात्याच्या मार्फत चित्रपटाला पैसा पुरवला तो अमेरिकेच्या सीआयएने. फ्रान्सिस स्टोनर सॉन्डर्स यांच्या १९९९ सालच्या पुस्तकाने हे प्रकरण सर्वतोमुखी केले. २००७ साली डॅनियल लीब यांनी तर या एका चित्रपटावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हालास-बॅचलर यांना पैशाचे खरे उगमस्थान ठाऊक नसावे, असा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. मात्र पटकथेवर बाहेरून दडपण येत राहिले आणि त्याचा सर्वांत ठळक परिणाम शेवटावर झाला.

मूळ लघुकादंबरीचा शेवट वाचकांना आठवत असेलच. डुकरे आणि शेजारचे शेतमालक एका टेबलाभोवती पत्ते खेळत बसले आहेत, भांडण जुंपले आहे आणि बाहेर उभ्या जनावरांना खिडकीतून पाहताना आतला माणूस कोणता आणि डुक्कर कोणते हे ओळखता येईनासे झाले आहे. चित्रपटाने टेबलावरून माणसे उठवली. तिथे फक्त डुकरे उरली. मग बेंजामिन या गाढवाच्या पुढाकाराने चहूबाजूंची जनावरे चाल करून येतात, घराच्या भिंती कोसळतात, नेपोलियन संपतो. माणसे काढून टाकण्यातला कावा उघड आहे. ऑर्वेलच्या चित्रात दोन्ही बाजू सारख्याच मळलेल्या होत्या. चित्रपटात एकच बाजू मळलेली राहिली. १९४७च्या युक्रेनी आवृत्तीच्या प्रस्तावनेत ऑर्वेलने आवर्जून खुलासा केला होता, की शेवटी आपल्याला डुक्कर-माणसांचा समेट दाखवायचा नव्हता, त्यांच्यातली बखेड्याची सुरुवात दाखवायची होती. तेहरान परिषदेनंतर सर्वत्र गोडीगुलाबीचे वातावरण असताना त्याने हे लिहिले होते. ही राजकीय दृष्टी चित्रपटाने घालवली, हे मला सर्वांत मोठे नुकसान वाटते.

दुसरे नुकसान वाङ्मयीन आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. क्लोव्हर ही घोडी चित्रपटात नाही. पुस्तकात कत्तलीनंतर ती टेकाडावरून शेताकडे पाहत राहते आणि तिच्या मनातला विचार निवेदक आपल्याला सांगतो, कारण तो मांडायला तिच्याजवळ शब्दच नाहीत. त्या परिच्छेदाशिवाय हे पुस्तक निव्वळ हुशार रूपक झाले असते. चित्रपटाने तिच्या जागी करमणुकीसाठी एक धडपडणारे बदकाचे पिल्लू आणले! असो. उलट न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की जनावरांच्या गाण्याला चित्रपटात शब्द नाहीत. हंबरणे, खिंकाळणे, कॅकावणे यांतूनच ते उभे राहते. मात्याश सायबरच्या संगीताची ही कमाल आहे. मॉरिस डेनहॅम या एकाच नटाने सगळ्या जनावरांचे आवाज दिले, हे सांगितल्यावर मुले ते दृश्य पुन्हा लावायला लावतात. माध्यमांतर म्हणजे केवळ गळती नव्हे, हे शिकवायला याहून चांगला नमुना माझ्याजवळ नाही.

आता सोलापूरविषयी, कारण हे पुस्तक इथे वाचणे आणि पुण्यात वाचणे यांत फरक पडतो. मालक पळून गेल्यावरचा पहिला दिवस कसा असतो, याची आठवण या शहराच्या सार्वजनिक स्मृतीत आहे. ८ मे १९३०च्या गोळीबारानंतर इंग्रज अधिकारी शहराबाहेर पडले आणि ९ ते ११ मे हे तीन दिवस सोलापूर त्यांच्यावाचून चालले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार पुतळ्यांपाशी दरवर्षी माणसे जमतात. त्या तीन दिवसांचा उल्लेख निघाला की जुन्या माणसांच्या बोलण्यात जी ऐट येते, ती मी 'ॲनिमल फार्म'च्या दुसऱ्या प्रकरणात ओळखतो. इथे तीनच दिवस मिळाले, त्यामुळे डुकरांची वेळ आली नाही, असे एखादा खवचट म्हणेल. मी म्हणणार नाही.

आणि बॉक्सर तर या शहरात घरोघरी आहे. १८७७ सालची जुनी मिल साठीच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. अधिक राबले की सगळे ठीक होईल, असे मानणारी एक अख्खी पिढी भोंगा बंद झाल्यावर रिकाम्या हातांनी घरी बसली. बॉक्सरला नेणारी गाडी वळते आणि बेंजामिन तिच्यामागे ऊर फुटेतो धावतो, त्या दृश्याला वर्गात शांतता पसरते. ती इंग्रजी समजल्यामुळे पसरत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सीआयएची हकिकत सांगून, पुस्तकाचा शेवट कसा श्रेष्ठ हे मांडत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरी तेलुगू बोलणारी; आजोबा गिरणीत होते, आई विड्या वळते, घरात लाल बावट्याची परंपरा. ती म्हणाली, "सर, पुस्तकातल्या गाढवाला वाचता येतं. डुकरांइतकंच. तरी ते गप्प बसतं, आणि गाडीवरची पाटी वाचून दाखवतं ती बॉक्सर आत चढल्यावर. सिनेमातलं गाढव निदान काहीतरी करतं. पैसे कुणी का दिले असेनात."

वर्गात हशा पिकला नाही. एका मुलाने विचारले, बंड झाले ते ठीक, पण दुसऱ्या दिवशी शेत कोण चालवणार? चित्रपट ते सांगत नाही. त्याची कथा जिथे थांबते तिथून पुस्तकाचे पहिले प्रकरण पुन्हा सुरू होऊ शकते. मुलीचे त्यावर म्हणणे असे, की चळवळीतल्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न विचारला जातो, आणि तो बहुधा चळवळीत नसलेलाच विचारतो. तिचे कुटुंब कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. २००६ साली तिथली दहा हजार घरे कामगारांच्या ताब्यात आली, ती वर्षानुवर्षांच्या मोर्चांनंतर. सामूहिक कृतीतून काहीच निष्पन्न होत नाही, हे तिला पुस्तकातून शिकायचे नव्हते.

मी तिला 'सिंहासन'चा दाखला दिला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून पंढरपूरच्या जब्बार पटेलांनी १९७९ साली काढलेला तो चित्रपट निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसला अखेर वेडाच्या हवाली करतो, प्रेक्षकाला कसलाही दिलासा देत नाही. आणि तरीही तो माणसाला निष्क्रिय करत नाही, अस्वस्थ करतो. खिडकीबाहेरच्या जनावरांबरोबर ऑर्वेल वाचकालाही उभे करतो; पाहणे ही तिथे कृतीच आहे, असे माझे म्हणणे. मला ते आजही पटते. तिला पटले नाही. "दिगूलाही वाचता येत होतं, सर," एवढेच ती म्हणाली.

बेंजामिनविषयी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. काहींना त्याच्यात खुद्द ऑर्वेल दिसतो. पण साक्षर आणि अलिप्त असे हे गाढव आपल्या व्यवसायाच्या फार जवळचे आहे, हे प्राध्यापक मंडळी सहसा लिहीत नाहीत. ऑर्वेलला या कथेची कल्पना सुचली ती एक लहान मुलगा प्रचंड घोड्याला चाबूक मारत नेताना पाहून, असे त्यानेच त्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. घोड्याला आपले बळ कळले तर काय होईल, हा मूळ प्रश्न. पुस्तकापेक्षा चित्रपट त्या प्रश्नाशी अधिक प्रामाणिक राहिला, असेही कुणी म्हणू शकेल. हेरखात्याच्या पैशाने का होईना.

२०२५च्या जूनमध्ये अँडी सर्किसचा नवा ॲनिमेशनपट आनसीच्या महोत्सवात दाखवला गेला, म्हणजे हा वाद नव्या शेवटासह पुन्हा उघडला जाणार. सध्या मी क्रम बदलला आहे. बॉक्सरच्या गाडीपाशी चित्रपट थांबवतो, शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचतो आणि मग उरलेली मिनिटे दाखवतो. ती मुलगी आता एका शाळेत शिकवते. तिने सुचवले की क्रम उलटा करून पाहा. आधी चित्रपटाचा शेवट, मग पुस्तकाचा. येत्या सत्रात तसे करणार आहे.