बंदरातला दिवस

दर्यावर पोट असलेल्या माणसाला बंदरात बसून काढलेला दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. डिझेल जळालेले असते, बर्फ वितळत असतो आणि जाळे रिकामे असते. 25 ऑक्टोबर 2019 हा आमच्या वाट्याला आलेला असाच एक दिवस. शुक्रवार होता आणि दिवाळी दोन दिवसांवर आली होती.

आमची नौका दाभोळकडची. वादळाचा इशारा वायरलेसवर आला तेव्हा आम्ही रत्नागिरीच्या दक्षिणेला होतो. घर गाठण्याइतका वेळ हाती नव्हता. तांडेलचाचांनी नौका मिरकरवाडा बंदराकडे वळवली आणि भरतीच्या पाण्यावर आम्ही आत शिरलो.

बंदरात आलो म्हणजे सुटलो, असे काठावरच्यांना वाटते. तसे नसते. नौकेला नौका खेटून उभी होती. पाऊस आडवा मारत होता. फळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये जुने टायर सोडायचे, भरती-ओहोटी पाहून दोर सैल करायचे, पुन्हा आवळायचे, तळात साचलेले पाणी पंपाने उपसायचे. जुम्याच्या नमाजालाही सगळ्यांना एकदम जाता आले नाही. निम्मे मशिदीत गेलो, निम्मे दोरांपाशी राहिलो. मशिदीत शेजारच्याने आधी नौका कुठली ते विचारले, नाव नंतर. दर्यावर असलेल्या सगळ्यांसाठी दुआ झाली, तेव्हा ‘आमीन’ जरा मोठ्याने उमटले.

त्या दिवशी वादळाला ‘क्यार’ हे नाव मिळाले. नाव म्यानमारने सुचवलेले, अर्थ वाघ. त्याच मुलखाचा शेवटचा राजा थिबा 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. मायदेशी जाण्याची वाट पाहत माणसे किती वर्षे काढतात, हे या गावाने पाहिले आहे. आम्हाला एक दिवस जड झाला होता.

आमच्यातल्या नेपाळी खलाशी पोराने दुपारी विचारलेच, “चाचा, वादळ दिसत तर नाही, मग थांबायचं कशाला?”

चाचा म्हणाले, “दिसल्यावर थांबता येत नाही, बेटा.”

पुढे ते बोलले नाहीत. 11 नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात गेलेली माणसे या किनाऱ्यावर कोणाला सांगावी लागत नाहीत. कितीतरी घरांत मय्यतही आली नाही. कबर नाही, तर फातिहा कुठे उभे राहून पढायचा?

क्यार किनाऱ्याला लागले नाही. ते पश्चिमेकडे सरकले आणि 27 तारखेला महाचक्रीवादळ झाले. 2007 च्या गोनूनंतर अरबी समुद्रात एवढे मोठे वादळ झाले नव्हते. पण ते दूर गेले म्हणताच धक्क्यावर कुजबुज सुरू झाली, उगाच थांबलो, दिवाळीचा भाव गेला. न आलेले वादळ थांबणाऱ्याला नेहमी वेड्यात काढते. बुडालेल्या नौकेचा पंचनामा होतो, थांबलेल्या नौकेचा होत नाही. ज्याच्या घरी चूल वाट्यावर पेटते त्याला हे रिकामे दिवस उधारीवर काढावे लागतात, आणि पुढच्या इशाऱ्याला त्याचा पाय आत वळत नाही. वादळापेक्षा ही गोष्ट आम्हाला जास्त भिववते.

मालकाने त्या फेरीचा हिशेब केला. डिझेल, बर्फ, किराणा वजा जाता आमच्या वाट्याला काही उरले नाही. नऊ जण गेलो होतो, नऊ जण उतरलो. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.